काटा न पाहता लिहिलेली ऐंशी पाने

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट लीड आहे. आम्ही सहा जण एका सहकारी साखर कारखान्यासाठी ऊस नोंदणी, वजनकाटा आणि ऊस बिल यांची प्रणाली तयार करत आहोत. कामाची रक्कम ठरलेली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही ऐंशी पानांचे रिक्वायरमेंट डॉक्युमेंट (प्रणालीने काय काय करायला हवे याचा दस्तऐवज) तयार केले आणि कार्यकारी संचालकांनी त्यावर सही केली. तेव्हापासून बदल थांबलेले नाहीत. शेतकी अधिकारी फोन करतात, मुख्य लेखापाल व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवतात, अध्यक्षांचे स्वीय सहायक थेट आमच्या मालकांशी बोलतात. आजवरच्या ३७ बदलांची यादी सोबत जोडली आहे. ते सगळे करायचे तर १२० मनुष्यदिवस (एका माणसाचे एका दिवसाचे काम म्हणजे एक) लागतील. मूळ कामाचेच १०५ दिवस बाकी आहेत आणि गाळप सुरू व्हायला नऊ आठवडे उरले आहेत. मालक म्हणतात, आपण ॲजाइल पद्धतीने, म्हणजे थोडेथोडे करत आणि बदल सामावून घेत, काम करतो, त्यामुळे बदलाला नाही म्हणता येत नाही. त्यातच परवा कळले की आमच्या एका मुलाने शेतकी अधिकाऱ्यांच्या फोनवरून दोन बदल मला न विचारता करूनही टाकले आहेत. सही झालेले डॉक्युमेंट पुढे ठेवून मी आता ठाम राहावे का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

डॉक्युमेंट पुढे ठेवून ठाम राहू नका. त्याने भांडण जिंकाल, पण नोव्हेंबरात काट्यावर रांग लागेल तेव्हा त्या सहीचा कोणालाच उपयोग होणार नाही. ऐंशी पानांवर सही करणाऱ्याने ती वाचली होती असे तुम्हालाही मनातून वाटत नसावे; आणि वाचली असली, तरी कार्यकारी संचालक स्वतः काट्यावर बसत नाहीत.

तुमची यादी मी दोनदा वाचली. तिच्यातील सर्व नोंदींना तुम्ही 'बदल' हे एकच नाव दिले आहे आणि तुमच्या अडचणीची सुरुवात तिथेच झाली आहे. माझ्या मोजणीप्रमाणे ३७ पैकी २२ नोंदी बदल नव्हेतच. त्या गोष्टी कारखान्यात वर्षानुवर्षे तशाच चालत आल्या आहेत, फक्त तुमच्या संघाला त्या उशिरा कळल्या. चार नोंदी सरकारी नियम किंवा दर बदलल्यामुळे आलेल्या आहेत. उरलेल्या अकरा मात्र खरोखर नव्या इच्छा आहेत. या तीन प्रकारांचा खर्च तीन वेगवेगळ्या खिशांतून जायला हवा, आणि तुम्ही तिन्हींशी एकाच सुरात भांडत आहात.

आधी त्या २२ नोंदींविषयी, कारण खरे काम तिथे आहे. उदाहरणार्थ तुमची नोंद क्रमांक ६ : 'एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांमध्ये दोन वेगवेगळ्या शेतकऱ्यांचा ऊस असू शकतो.' तुम्ही तिच्यापुढे कंसात 'नवीन मागणी' असे लिहिले आहे. लहान खातेदारांच्या भागात हे सर्रास घडते. एकाचा फड संपतो, दुसरी ट्रॉली रिकामी राहते, शेजारच्याची तोड लागलेली असते. तुमच्या डॉक्युमेंटमध्ये एक वाहन, एक शेतकरी, एक वजन असे गृहीत धरले गेले, कारण ते बैठकीच्या खोलीत बसून लिहिले गेले. काट्यावर एक रात्र कोणी उभे राहिले असते, तर भरलेल्या वजनाची पावती निघताना काटा क्लार्क शेजारच्या वहीत पेन्सिलीने काय लिहून ठेवतो, हे दिसले असते. जुन्या प्रणालीत न मावलेल्या सगळ्या गोष्टी अशा वह्यांमध्ये असतात. नव्या प्रणालीच्या रिक्वायरमेंट शोधायच्या असतील, तर मी त्या वहीपासून सुरुवात करतो.

मी हे शहाणपण फुकट मिळवलेले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्यातील दूध संघासाठी आम्ही संकलन केंद्राची प्रणाली केली होती. फॅट आणि एसएनएफनुसार (दुधातील फॅट सोडून इतर घन पदार्थ) दर, ३.५ आणि ८.५ या गाईच्या दुधाच्या पायाभूत प्रतीपासून वरखाली होणारे टप्पे, दहा दिवसांची बिले, सगळे चोख होते. पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला केंद्राबाहेर किटल्यांची रांग लागली आणि आमच्या पडद्यावर एका उत्पादकाची नोंद करायला चार खिडक्या उघडाव्या लागत होत्या. केंद्राच्या सचिवांनी अर्धा तास सहन केले, मग संगणकाचे तोंड भिंतीकडे फिरवले आणि कागदी रजिस्टर काढले. सभासद क्रमांक टाकला की नाव यावे, गाय की म्हैस हे एका कळीत व्हावे आणि पुढचा माणूस खोळंबू नये, ही त्या प्रणालीची पहिली रिक्वायरमेंट होती. ती कोणी सांगितली नव्हती, कारण त्यांच्या दृष्टीने ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. आणि आम्ही विचारली नव्हती. आम्ही तेव्हा तिला 'बदल' म्हणालो आणि पैसे मागितले. ते मिळाले नाहीत, आणि मिळायला नकोच होते.

म्हणून २२ नोंदींचा खर्च बहुतांशी तुमच्या कंपनीने सोसावा असे माझे मत आहे. मालकांना हे ऐकायला आवडणार नाही. पण हे मान्य केले, की उरलेल्या अकरा नोंदींवर बोलण्याचा नैतिक अधिकार तुमच्याकडे येतो. आज तो नाही.

अशा आणखी किती नोंदी दडून बसल्या असतील, याची भीती तुम्हाला वाटत असणार. त्या बाहेर काढण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. मागील हंगामातील एखादा गर्दीचा पंधरवडा निवडा, त्याची सर्व वजने तुमच्या प्रणालीत भरा आणि निघालेली ऊस बिले कारखान्याने तेव्हा प्रत्यक्ष दिलेल्या बिलांशी रुपयापर्यंत ताडून पाहा. जिथे फरक येईल, तिथे एकतर तुमची चूक असेल किंवा कोणीही न सांगितलेला नियम असेल : सोसायटीचे कर्ज आधी वळते करायचे की ठेवीची कपात आधी, बिलाची रक्कम कपातीपेक्षा कमी पडली तर बाकी पुढच्या पंधरवड्यात ओढायची की नाही, मयत सभासदाच्या वारसाचे बिल कोणत्या खात्यावर टाकायचे. या मुद्द्यांवर दहा बैठका घेतल्या तरी जे निघणार नाही, ते मुख्य लेखापालांच्या शेजारी बसून तीन दिवसांत निघेल. माणसाला 'तुमचे नियम सांगा' म्हटले की तो ढोबळ नियम सांगतो. त्याच्यापुढे चुकलेले बिल ठेवले की तो 'असे कसे, या माणसाचे तर' म्हणत अपवाद सांगू लागतो.

ज्याला आपल्या व्यवसायात रिक्वायरमेंट रिफाइन करणे म्हणतात, ते मुख्यतः हेच आहे. वाक्य अधिक सुबक करणे म्हणजे रिफाइन करणे नव्हे. वाक्यात खरे आकडे घालून ते कुठे फुटते ते पाहायचे असते. तुमच्या डॉक्युमेंटमधील एक वाक्य घेऊ : 'प्रणाली साखर उताऱ्यानुसार एफआरपीची गणना करेल.' उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे टक्के, आणि एफआरपी म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर. वाक्य निर्दोष आहे आणि त्यातून प्रोग्रामरला काहीही कळत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये ठरवले आहेत. आता उतारा ११.६० टक्के धरा. १०.२५ च्या वर १.३५ टक्के झाले. म्हणजे तेरा टप्पे की साडेतेरा? तेरा धरले तर टनाला ३,९९९.८० रुपये होतात, साडेतेरा धरले तर ४,०१७.१०. फरक टनामागे १७ रुपये ३० पैशांचा आहे. पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात तो साडेशहाऐंशी लाख रुपये होतो. शिवाय त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो, तो सरासरीने की अंतराच्या टप्प्यांनी, हा पुढचा प्रश्न. यांची उत्तरे तुमच्या प्रोग्रामरने त्याला सोयीचे वाटेल तसे आकडे पूर्णांकित करून देऊ नयेत. ती मुख्य लेखापालांकडून लेखी घ्यावीत, कारण पुण्याच्या साखर आयुक्तालयापुढे हिशेब त्यांना मांडायचा आहे, तुम्हाला नाही. माझी पद्धत अशी आहे की पैशांशी संबंधित प्रत्येक नियमाखाली किमान तीन सोडवलेली उदाहरणे असावीत, त्यांतले एक अवघड असावे, आणि सही त्या उदाहरणांवर घ्यावी. नियम वाचून माणूस मान डोलावतो. स्वतःच्या ओळखीचा आकडा चुकलेला दिसला की पेन खाली ठेवतो. तीच उदाहरणे पुढे तुमच्या चाचण्या होतात, हा लाभ वेगळा.

नियम बदलल्यामुळे आलेल्या चार नोंदींविषयी फार लिहिण्याची गरज नाही, पण एक गोष्ट तुमच्या प्रोग्रामरांना दाखवा. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला होता : पहिला हप्ता पायाभूत उताऱ्यावर, उरलेली रक्कम हंगाम संपून अंतिम उतारा ठरल्यावर. तुमचे डॉक्युमेंट त्याच आधारावर लिहिले गेले. डॉक्युमेंटवर सही झाल्यावर, मार्च २०२५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. यात कारखान्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही. मात्र 'दोन हप्ते' ही गोष्ट कोडमध्ये पक्की ठोकून ठेवणे हा दोष तुमच्याकडे जातो. एफआरपीचा दर २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन हंगामांत ३१५, ३४० आणि ३५५ असा बदललेला आहे. तो, त्याचे टप्पे आणि हप्त्यांची रचना 'अमुक तारखेपासून लागू' अशा तारखेसह तक्त्यात असली पाहिजे, म्हणजे जुन्या हंगामाचे बिल पुन्हा काढले तरी जुन्याच दराने निघेल. याचा अतिरेकही करू नका. ऊस पुरवल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाल्यास वार्षिक पंधरा टक्के व्याज, ही ऊस नियंत्रण आदेशातील तरतूद कित्येक वर्षे तशीच आहे. ती बदलण्यासाठी स्वतंत्र पडदा, अधिकार आणि मंजुरीची साखळी बांधण्यात तुमच्या यादीप्रमाणे चार दिवस जाणार आहेत. एका जागी एक आकडा लिहून ठेवा आणि ते चार दिवस वाचवा. काय लवचीक ठेवायचे हे त्या गोष्टीचा मागील इतिहास पाहून ठरवावे.

आता अकरा इच्छा. अध्यक्षांच्या मोबाइलवर दर तासाचे गाळप दिसावे, शेतकऱ्याला वजनाचा संदेश मराठीत जावा, तोडणी मुकादमांच्या उचलीचा (आगाऊ दिलेल्या रकमेचा) हिशेब याच प्रणालीत यावा, इत्यादी. यांतील एकही मागणी वेडगळ नाही, आणि म्हणूनच त्या अवघड आहेत. इथे 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर देण्याऐवजी किंमत आणि बदली मागायची. साधा हिशेब करू. सहा माणसे, नऊ आठवडे, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे २७० मनुष्यदिवस. गणपती, दसरा, दिवाळी आणि रजा यांचे ३० काढा. मागील हंगामातील त्या पंधरवड्याची बिले ताडणे, चाचण्या आणि काट्यावरच्या तीनही पाळ्यांच्या लोकांचे प्रशिक्षण यांना ९० ठेवा. यातून एक दिवसही कापू नका. उरले १५०. मूळ काम १०५, म्हणजे हातात ४५ दिवस, आणि तुमची यादी १२० दिवसांची आहे. हे चार ओळींचे गणित एका कागदावर लिहून कार्यकारी संचालकांपुढे ठेवा. कारखाना चालवणाऱ्या माणसाला क्षमता म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. दिवसाला अमुक टन गाळप होत असताना त्याहून जास्त गाड्या तोडीला लावल्या, तर ऊस केन यार्डात (गाड्या थांबतात त्या आवारात) वाळतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. तुम्ही आजपर्यंत त्यांना तुमची क्षमता सांगितलेलीच नाही. मोबाइलवरचे गाळप हवे असेल तर ते डिसेंबरात घ्या, किंवा ऊस नोंदणीचा नकाशा मागे ठेवा, असा पर्याय त्यांच्यापुढे असावा आणि निवड त्यांची असावी.

त्यासाठी कारखान्याच्या बाजूने निवड करणारा माणूस एकच हवा. तो कार्यकारी संचालकांनी लेखी नेमावा. तुमच्या वर्णनावरून मुख्य लेखापाल योग्य वाटतात, कारण बिल चुकले तर शेतकरी त्यांच्याच दारात येणार आहेत. शेतकी अधिकाऱ्यांचे आणि लेखापालांचे एखाद्या गोष्टीवर पटले नाही, तर तो वाद त्यांनी तिकडे मिटवावा. आज तो वाद तुमच्या कोडमध्ये मिटवला जात आहे : सोमवारी एकाच्या म्हणण्याप्रमाणे, गुरुवारी दुसऱ्याच्या. तुमच्या यादीतील क्रमांक १४ आणि २९ एकमेकांच्या थेट विरुद्ध आहेत, हे तुमच्या लक्षात आले आहे का?

फोन आणि व्हॉट्सॲप बंद करण्याच्या भानगडीत पडू नका. रात्री दोनला काट्यावर उभा असलेला माणूस तुमचा फॉर्म भरणार नाही, आणि त्याने सांगितलेली गोष्टच बहुधा सर्वांत मोलाची असते. निरोप कुठूनही येऊ द्या, पण तो त्याच संध्याकाळी एका नोंदवहीत गेला पाहिजे : क्रमांक, कोणी सांगितले, कधी, का हवे आहे, कशाकशाला धक्का लागेल, किती दिवस, निर्णय काय, निर्णय कोणाचा. आणि सांगणाऱ्याला एक ओळ परत गेली पाहिजे : 'आपले म्हणणे असे समजले, नोंद क्रमांक ३८, सोमवारी निर्णय कळवतो.' या ओळीने निम्मे गैरसमज जागच्या जागी मिटतात, कारण समोरचा लगेच सांगतो की मला असे म्हणायचे नव्हते. 'कशाकशाला धक्का' हा रकाना मात्र प्रामाणिकपणे भरा. दोन ट्रॉल्यांची गोष्ट तुमच्या प्रोग्रामरला अर्ध्या दिवसाची वाटली होती. तिने वजनाची पावती बदलते, दोन शेतकऱ्यांची खाती बदलतात, वाहतूकदाराची खेप एक धरायची की दोन हा प्रश्न येतो, तोडणी टोळ्या वेगळ्या असतील तर त्यांचीही बिले बदलतात, आणि पहिली ट्रॉली रिकामी झाल्यावर मधले वजन घ्यायचे की ट्रॉल्या सोडवून वेगवेगळ्या काट्यावर घ्यायच्या, हे केन यार्डाला ठरवावे लागते. अर्ध्या दिवसाचे सहा दिवस असे होतात.

तुमच्या मालकांच्या ॲजाइलबद्दल थोडे. २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातील स्नोबर्ड येथे सतरा जणांनी जो जाहीरनामा मांडला, त्यात आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देण्याला अधिक मोल दिले आहे, हे खरे. आराखड्याला मोल नाही असे मात्र तो म्हणत नाही. त्याचेही मोल आहे, असे त्यातच स्पष्ट लिहिले आहे. त्यासोबतच्या तत्त्वांमध्ये उशिरा आलेल्या बदलाचेही स्वागत आहे, पण त्याच यादीत असेही आहे की व्यवसायातील माणसे आणि सॉफ्टवेअर करणारे यांनी रोज एकत्र काम करावे आणि चालणारे सॉफ्टवेअर थोड्याथोड्या आठवड्यांनी समोर यावे. तुम्ही फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत कारखान्याला चालणारा एकही पडदा दाखवलेला नाही. स्वागताचे तत्त्व घेतले आणि त्याचा खर्च भागवणारी दोन तत्त्वे सोडली, तर जे उरते त्याला ॲजाइल म्हणता येत नाही; ते गिऱ्हाइकाला घाबरणे आहे. उद्यापासून दर शुक्रवारी जे तयार असेल ते कारखान्यात नेऊन काटा क्लार्कच्या हातात द्या आणि गप्प बसून पाहा.

पुढच्या करारात बदलांसाठी ठरावीक मनुष्यदिवस आधीच राखून ठेवा आणि त्यापुढचे दिवस कोणत्या दराने, हेही लिहा. या करारात ते नाही, म्हणून अकरापैकी ज्या गोष्टी हंगामाआधी करायच्या ठरतील त्यांचे पैसे मागण्याचे काम मालकांनीच करावे. तुमची नोंदवही त्यांच्या हातात असेल तर त्यांना ते जमेल. गाळपाआधीचे शेवटचे तीन आठवडे बिल किंवा वजन चुकवणारी गोष्ट सोडून कोणतीही नवी नोंद घ्यायची नाही, हेही आजच लेखी ठरवून घ्या.

आणि त्या मुलाविषयी. त्याला रागावू नका. अधिकाऱ्याचा फोन आला आणि त्याने काम केले, कारण फोन कोणाकडे वळवायचा हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने केलेले दोन्ही बदल नोंदवहीत मागील तारखेने नव्हे, आजच्या तारखेने चढवा, करून झाले आहेत असा शेरा मारा आणि लेखापालांची मंजुरी घ्या. त्यातील एक बदल वाहनाचे रिकामे वजन आधीच्या खेपेवरून आपोआप भरण्याचा आहे. तो मात्र मंजुरीची वाट न पाहता आजच काढून टाका. ट्रॉलीला साखळदंड, जास्तीचे टायर किंवा चिखल असेल तर कालचे रिकामे वजन आज खरे नसते, आणि काट्यावर भांडण व्हायला चाळीस किलोंचा फरक पुरतो.